खटारा, दमणी आणि घरची पिकअप

मराठीत बैलगाडीला जी अनेक नावे आहेत, त्यांपैकी दोन विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. एक खटारा आणि दुसरे दमणी. खटारा ओझ्याचा. भात, खत, चिरे, लाकूड यांची ने-आण त्याने करावी. दमणी माणसांची. ती हलकी, वर छत असलेली, आत बैठक घातलेली. ओझे आणि माणूस ही दोन निराळ्या जातीची वजने आहेत, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते याची साक्ष ही दोन नावे देतात. आज ‘खटारा’ हा शब्द आपण कोणत्याही खडखडणाऱ्या वाहनाला लावतो. ओझ्याच्या गाडीतून माणसाने केलेल्या प्रवासाचा सारा अनुभव त्या अर्थांतरात साठलेला आहे.

अर्थात दोन गाड्या बाळगणे थोड्याच घरांना परवडत असे. बहुतेकांकडे एकच गाडी होती आणि ती खटाराच होती. पेडण्याची पुनव आली किंवा शिरगावच्या लईराईची जत्रा आली की त्याच गाडीत पेंढ्याचा जाड थर पसरावयाचा, त्यावर कांबळी अंथरावयाची आणि म्हाताऱ्या माणसांना व लेकुरवाळ्या बायकांना मधोमध बसवावयाचे, ही रीत होती. वाढत्या कुटुंबासाठी ओझ्याचे वाहन सुखावह करण्याचा हा आपल्याकडील बहुधा सर्वांत जुना प्रयोग होय. आज पेंढ्याची जागा फोमच्या गादीने घेतली आहे आणि बैलगाडीची जागा पिकअपने. प्रश्न मात्र तोच राहिला आहे. त्या प्रश्नाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली आले. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा, तर डिचोलीचा व्यवहार मांडवी व तिच्या उपनद्यांवर अवलंबून. त्यामुळे कितीतरी काळ होडी आणि पायवाट हीच प्रवासाची मुख्य साधने राहिली. मचिला आणि पालखी मोजक्या घराण्यांच्या वाट्याला आली. मोटार आली तेव्हाही सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती मालमोटारीची भावंडेच. त्या प्रवासी गाड्यांना लोक ‘कारेर’ म्हणत, तसेच ‘कामियांव’ही म्हणत. यातील दुसरा शब्द मालमोटारीच्या पोर्तुगीज नावावरून आलेला. ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी खोका चढवून त्यात बाके ठोकली की तिची प्रवासी गाडी होत असे. नाव मालमोटारीचे आणि धक्केही मालमोटारीचेच!

१९५० नंतरच्या दशकात डिचोली तालुक्यात खनिजाचा व्यवसाय वाढला आणि ट्रक हे वाहन घराघरांत परिचयाचे झाले. सारमानसच्या धक्क्याकडे खनिज नेणारे ट्रक, त्यांच्या चाकांनी उखडलेले रस्ते आणि वर उडणारी लाल धूळ हे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. मुक्तीनंतर रस्ते व पूल झाले. १९८० साली कदंब परिवहन महामंडळाची स्थापना झाली. तरीही आडगावच्या कुटुंबाला लग्नाला, जत्रेला किंवा इस्पितळात जावयाचे असले की शेजाऱ्याच्या टेंपोचा हौदाच उपयोगी पडे. तेथे बसलेल्यांना प्रत्येक खड्ड्याची मोजदाद कंबरेच्या मणक्यांनी ठेवावी लागे.

हे धक्के का बसतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याविना केलेले सगळे उपाय आंधळे ठरतात. मालवाहू गाडीच्या मागच्या आसावर पोलादी पाट्यांची कमान असते. एकावर एक पाटे ठेवून केलेली ही कमान घोडागाडीच्या काळापासून चालत आली आहे. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने १८०४ साली दोन कमानी समोरासमोर जोडून केलेल्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि घोडागाडीतील प्रवास पुष्कळ सुसह्य झाला. कमानीचा गुण असा की, तिच्यावरील वजनाने ती जितकी दबते, तितके गाडीचे हेलकावे संथ होतात. वजनाने कमान २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण एकदा वरखाली होते. ६ सेंटिमीटर दबत असेल तर दोनदा, आणि ३ सेंटिमीटरच दबत असेल तर जवळजवळ तीनदा.

आता उदाहरणादाखल असे धरू की, एका पिकअपची मागील कमान पूर्ण ओझ्याखाली १२ सेंटिमीटर दबते आणि हौदा रिकामा असता केवळ ३ सेंटिमीटर. म्हणजे भरल्या गाडीचे हेलकावे सेकंदाला दीडच्या आसपास राहतील. चालत्या माणसाच्या पावलांची गतीही साधारण तेवढीच असल्यामुळे शरीर ते सहज सोसते. रिकामी गाडी मात्र सेकंदाला तीन वेळा उसळेल. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या, सेकंदाला ४ ते ८ या कंपनांना सर्वांत अधिक हळवे असते, असे या विषयावरील आंतरराष्ट्रीय मानक सांगते. त्या मानकाची पहिली आवृत्ती १९७४ साली निघाली. रिकामी पिकअप या हळव्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर नेऊन बसविते. भरली गाडी मऊ चालते हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याचे कारण हे असे आहे. चार-पाच माणसांचे कुटुंब हे त्या कमानीच्या दृष्टीने ओझेच नव्हे. कमान टनाच्या हिशेबाने बांधलेली, आणि तिच्यावर बसते अडीच-तीनशे किलो वजन.

भारतात या प्रश्नाला हात घालण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्यात झाला, आणि तो आपल्या विषयाला इतका जवळचा आहे की त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. टेल्को ही कंपनी १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवीत होती. ते सहकार्य १९६९ मध्ये संपले. तिची पुण्यातील कर्मशाळा उभी करण्यात सुमंत मुळगावकर यांचा वाटा फार मोठा होता. हे आडनाव वाचताना कोणाही डिचोलीकराला आपल्या तालुक्यातील मुळगाव आठवल्यावाचून राहत नाही. १९८८ साली टेल्कोने ‘टाटामोबाइल’ ही पिकअप बाजारात आणली. पुढच्याच वर्षी मुळगावकर निवर्तले. त्यानंतर याच पिकअपच्या सांगाड्यावर कुटुंबासाठी गाड्या उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो. सुमो हे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवलेले.

सुमोने आपल्याकडील मोठ्या कुटुंबांची गरज नेमकी हेरली. दहा माणसे बसू शकतील अशी बंद गाडी मध्यमवर्गाला प्रथमच आवाक्यात आली. पण ज्यांनी सुमोच्या अगदी मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसून प्रवास केला आहे, त्यांना तिच्या कुळाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या यजमानास रस्ता बरा वाटे आणि मागच्या बाकावरील मुले गतिरोधकावर छताला डोके लावीत. गाडी एकच, कमान एकच, तरी अनुभव दोन. कारण दोन आसांच्या मधल्या जागी धक्का सर्वांत कमी जाणवतो आणि मागच्या आसावर किंवा त्याच्याही मागे सर्वांत अधिक. पेंढा पसरलेल्या गाडीत म्हाताऱ्यांना मधोमध बसविणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे सूत्र न शिकता जाणले होते. १९९८ साली आलेल्या सफारीत मागील पाटे जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, तेव्हा या घराण्यातील गाडी खऱ्या अर्थाने खटाऱ्याची दमणी झाली. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले.

या इतिहासाकडे माझे लक्ष जाण्याचे कारण घरचे आहे. माझ्या पुतण्याने नारळ, काजू आणि चिरे वाहण्यासाठी एकेरी केबिनची पिकअप घेतली, तेव्हा घरात तो आणि त्याची पत्नी अशी दोघेच होती. पुढे दोन मुले झाली आणि वृद्ध आईही त्याच्याकडे राहावयास आली. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. एका कारागिराच्या सल्ल्याने त्याने मागच्या कमानींतील दोन-दोन पाटे काढून टाकले, हौद्यात बाक बसविले आणि वर ताडपत्री घातली. पहिले काही दिवस सर्वजण खूश होते. गाडी खरोखरच मऊ झाली होती. मग एके दिवशी चिरे भरून येताना उतारावरील वळणावर ती एका अंगाला इतकी झुकली की मागचे टायर हौद्याला घासू लागले. सुदैवाने गाडी सावरली. त्या वेळी हौद्यात चिरे होते. आदल्याच संध्याकाळी त्याच जागी मुले बसली होती.

त्या रात्री तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, मुलांना जरा बरे वाटावे म्हणूनच केले हो मी.” त्याच्या हेतूबद्दल मला शंका नव्हती. पण सरकारी सेवेत आयुष्य गेलेला माणूस हेतूनंतर नियमाकडे वळतो, तसा मी वळलो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांना मर्यादा घालते. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. याहून गंभीर गोष्ट विम्याची. मालवाहू वाहनातून विनामूल्य नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ च्या अखेरीस दिला. जत्रेच्या दिवशी हौद्यात बसलेले आपले आप्तेष्ट कायद्याच्या दृष्टीने कोठे असतात, हे यावरून ध्यानात यावे. ते ना माल असतात, ना प्रवासी.

तर मग करावे काय? आम्ही जे केले ते सांगतो, कारण त्यात फारसा खर्च नव्हता. प्रथम काढलेले पाटे परत बसविले आणि हौद्यातील बाक उतरविले. मग टायरमधील हवा पाहिली. पूर्ण ओझ्यासाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीतही तशीच राहत असे. उत्पादकाने गाडीवरील पट्टीवर रिकाम्या व भरल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले होते, ते वाचण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. तिसरी गोष्ट गंजाची. आपल्या पावसाळ्यात चिखल आणि खारी हवा पाट्यांमध्ये शिरते. पाटे एकमेकांवर घसरावयाचे थांबतात आणि कमान काठीसारखी ताठ होते. ते सोडवून, साफ करून पुन्हा बसविल्यावर आणि शॅकलांचे झिजलेले बुश बदलल्यावर अर्धा खडखडाट गेला. शेवटी निकामी झालेले शॉक अॅब्सॉर्बर बदलले. कमान धक्का पोटात घेते आणि शॉक अॅब्सॉर्बर त्यानंतरची उसळी आवरतो. ही दोन वेगळी कामे आहेत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एवढे करून गाडी सुसह्य झाली, पण पाच माणसांची झाली नाही. होणे शक्यही नव्हते. दोन वर्षांनी त्याने ती विकून दुहेरी केबिनची पिकअप घेतली. महिंद्राच्या ‘बोलेरो कॅम्पर’सारख्या गाड्यांत ही सोय असते. पुढच्या दशकांत इसुझु (२०१६) आणि टोयोटाची हायलक्स (२०२२) अशा महाग दुहेरी केबिनच्या गाड्याही भारतात आल्या, आणि त्यांच्याही मागे पाट्यांच्याच कमानी आहेत. म्हणजे कमान तीच राहिली, बदलली ती माणसाची जागा. दुहेरी केबिनमधील मागचे आसन मागच्या आसाच्या पुढे, दोन्ही आसांच्या मध्ये येते. त्याला पाठ असते, पट्टा असतो, डोक्यावर पोलादी छत असते, आणि तेथे बसणाऱ्यांची संख्या नोंदणीपत्रावर लिहिलेली असते. ही आसनसंख्या विम्याच्या कागदातही धरली आहे की नाही, तेवढे मात्र प्रत्येकाने स्वतः वाचून पाहावे.

आज मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावरून जाताना पेडण्याची वाट किती सोपी झाली आहे याचे नवल वाटते. त्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. डिचोलीत २०१२ साली खाण बंद झाली तेव्हा कित्येक ट्रक अंगणात उभे राहिले, हेही आपण पाहिले. रस्ते पालटले, ओझी पालटली. पण जत्रेच्या रात्री ताडपत्री घातलेल्या एखाद्या हौद्यातून लहान मुलांचे आवाज अजूनही ऐकू येतात. त्यांच्याखाली गादी असते आणि ती प्रेमानेच अंथरलेली असते. आपल्या वाडवडिलांना गरिबीमुळे दमणी ठेवता आली नाही, तरी माणसांसाठी गाडी वेगळी असावी लागते हे ते विसरले नव्हते, म्हणून तर तिला त्यांनी वेगळे नाव दिले. तेवढी आठवण आपण ठेवली, तरी आपल्या घरातील मुले हौद्यातून केबिनमध्ये येतील.