शेळीपाशी शिकायचे शास्त्र

परळला 1886 मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात. हे शिक्षण जनावरापाशीच होते, हे तेव्हाच उमगले होते. विदर्भाला नागपूरचे महाविद्यालय 1958 मध्ये मिळाले. मात्र देऊळघाटसारख्या गावात शेळी-कोंबडीवाल्याला आधी हाताशी लागतो तो शिकलेला मदतनीस. शेळीच्या गुदद्वारात थर्मामीटर आतल्या भिंतीला टेकवून धरायचा आणि 102-103 अंश फॅरनहाइट म्हणजे ताप नव्हे, हे ओळखायचे. एवढ्यानेही नाहक इंजेक्शन टळते. अर्धवट शिकलेला जिवावर उठतो, हा आक्षेप खराच. म्हणून तर 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्याने किरकोळ सेवाही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली ठेवल्या. तेव्हा मदतनीस नाकारू नका, त्याला नीट शिकवा.