सायकल कॅमेरा व थेट प्रक्षेपण (परभणी जिल्हा)

सायकल कॅमेरा व थेट प्रक्षेपण : रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर हँडल, हेल्मेट, छाती किंवा सीटखाली कॅमेरा बांधून प्रवासाचे चित्रण करणे, अथवा ते चित्रण किंवा आपले ठिकाण मोबाइलवरून घरच्यांना त्याच वेळी दाखवत राहणे. हेतू दोन. अपघात, छेडछाड वा लूट झाली तर पुरावा हाती असावा, आणि आपण कुठवर पोचलो हे कोणाला तरी ठाऊक असावे. धडक टाळण्याचे काम कॅमेऱ्याचे नव्हे. ते मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि आरसा यांचे. ज्याच्याकडे हे तीनही नाहीत त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत, असे संकलकाचे मत आहे.

सायकलस्वार कोण : परभणी जिल्ह्यात सायकल मुख्यतः गरजेचे वाहन आहे. बांधकामावरचे मजूर, दूध व वर्तमानपत्रे पोचवणारे, बाजारहाटाला जाणारे शेतकरी आणि शाळकरी मुली हे तिचे नेहमीचे स्वार. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. हा कार्यक्रम २०११पासून राज्याच्या २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत चालतो व परभणीचा त्यात समावेश आहे. सायकलीसाठीचे अनुदान २०२२मध्ये ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. एका बऱ्या अॅक्शन कॅमेऱ्याची किंमत याच्या कैक पट असते. त्यामुळे या जिल्ह्यापुरते ‘सायकल कॅमेरा’ म्हणजे व्यवहारात होल्डरमध्ये अडकवलेला मोबाइल, असे धरून पुढील मजकूर वाचावा.

पूर्वपीठिका : कॅनडातील संशोधक स्टीव्ह मान यांनी १९९४मध्ये अंगावर बाळगलेल्या कॅमेऱ्यातून चित्रे थेट इंटरनेटवर पाठवली. गोप्रो कंपनी २००२मध्ये स्थापन झाली. तिचा २००४चा पहिला कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा होता. मागचा दिवा आणि कॅमेरा एकाच डबीत बसवण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातील सायक्लिक कंपनीने २०१४च्या सुमारास बाजारात आणली. गार्मिनने २०२२मध्ये त्यात रडारची भर घातली. मागून येणारे वाहन सुमारे १४० मीटरवर असतानाच रडार स्वाराला इशारा देते. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सप्टेंबर २०१६मध्ये साध्या वेशातील पोलिसाला कॅमेऱ्यासह सायकलवर बसवले आणि दीड मीटरपेक्षा जवळून जाणाऱ्या चालकांना पुढे थांबवून समज देण्यास सुरुवात केली. असे जवळून जाण्याला आपल्याकडे ‘कट मारणे’ म्हणतात. गुन्हा म्हणून त्याची फिर्याद द्यायला क्वचितच कोणी जातो.

कॅमेरे येण्याआधीच्या काळात सायकलस्वाराच्या सुरक्षिततेची सरकारी कल्पना दिव्यापुरती होती. अनेक नगरपालिका सायकलींना कराचा बिल्ला देत, आणि अंधार पडल्यावर बिनदिव्याची किंवा डबलसीट सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडत. ही शिस्त गेली तिच्यामागून दिवाही गेला.

रस्ते व चित्रण : जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ (पूर्वीचा २२२) पाथरी, मानवत, परभणी असा येऊन वसमतमार्गे नांदेडकडे जातो. परभणी शहरात पाथरी रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, वसमत रोड या नावांनीच वाटा ओळखल्या जातात. पाथरी रोड शहराच्या पश्चिमेला आहे. संध्याकाळी काम संपवून त्या बाजूला घरी निघालेल्याच्या पुढच्या कॅमेऱ्यात मावळता सूर्य थेट शिरतो व चित्र पांढरे पडते. मागे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात मात्र तेच ऊन मागच्या वाहनाच्या नंबर प्लेटवर पडलेले असल्याने आकडे स्वच्छ येतात.

ऊस गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, गंगाखेड व पाथरी भागात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते. ट्रॉलीलाही स्वतंत्र नोंदणी लागते, पण तिच्या पाठीवर क्रमांक असेलच असे नाही. असला तरी चिखलाने वा लोंबणाऱ्या उसाने झाकलेला असतो, आणि ट्रॅक्टरचा मागचा क्रमांक ट्रॉलीआड जातो. म्हणजे वाहन पुढे निघून गेल्यावर टिपण्यासारखे काही उरत नाही. ट्रॅक्टरचा पुढचा क्रमांक तो मागून येत असतानाच मिळाला तर मिळतो. एकच कॅमेरा परवडत असेल तर तो सीटखाली, मागे तोंड करून बसवावा, याचे हे दुसरे कारण. परभणीच्या वाहनांची नोंदणी ‘एमएच २२’ने सुरू होते, शेजारच्या जालन्याची २१, बीडची २३, नांदेडची २६ व हिंगोलीची ३८. धूसर चित्रात एवढा भाग वाचता आला तरी तपासाला दिशा मिळते. ४१४१चा ‘दादा’ किंवा ८०५५चा ‘बॉस’ करून घेतलेल्या पाट्या नियमबाह्य आहेत. त्या माणसाच्या डोळ्यांना चटकन लक्षात राहतात, यंत्राला मात्र वाचता येत नाहीत.

बहुतेक अॅक्शन कॅमेरे व डॅशकॅम मेमरी कार्ड भरले की जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू शकतात. ६४ जीबीच्या कार्डावर उत्तम प्रतीचे साधारण चार-पाच तास मावतात. अपघातानंतर कॅमेरा चालूच राहिला आणि कोणी तो दवाखान्यातून घरी नेऊन दुसऱ्या दिवशी पाहिला, तर नेमका हवा तो भाग गेलेला असू शकतो. कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवणे हे पहिले काम. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात असताना उन्हात धरलेला मोबाइल तापून कॅमेरा आपोआप बंद पडतो. मोठ्या इंजिनांच्या हादऱ्यांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अॅपलने २०२१मध्ये मोटारसायकलींच्या संदर्भात दिला होता. सायकलीला इंजिन नाही, पण काळ्या मातीत दबलेला, खचलेला डांबरी रस्ता हादऱ्यांची उणीव ठेवत नाही.

थेट प्रक्षेपण : मध्यम प्रतीच्या प्रक्षेपणाला सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट लागतात; तासाला १.३ ते १.४ जीबी. दिवसाचा दीड जीबीचा पॅक एका फेरीतच संपत आला. गावाबाहेर रेंज तुटली की प्रक्षेपणही तुटते. यूट्यूबवर मोबाइलवरून थेट जाण्यासाठी किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि जुलै २०२५पासून वयाची अट १६ वर्षे झाली आहे. इन्स्टाग्रामनेही त्याच वर्षी एक हजार फॉलोअरची अट घातली. आठवी-नववीतल्या मुलीला हा मार्ग बंदच समजावा. तिच्याकडे स्वतःचा फोन असतो की नाही हा त्याआधीचा प्रश्न.

त्या मानाने व्हॉट्सअॅपचे ‘लाइव्ह लोकेशन’ (२०१७पासून) स्वस्त पडते. पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास असे पर्याय त्यात आहेत. डेटा नगण्य लागतो आणि रेंज गेली तरी शेवटचे ठिकाण नकाशावर दिसत राहते. शोधायला निघालेल्याला नेमके तेवढेच हवे असते. डिसेंबर २०२४मध्ये तणावाच्या काळात परभणीत इंटरनेट सेवा काही काळ बंद होती. अशा वेळी साधा फोन आणि ११२ एवढाच आधार उरतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४पासून आहे.

पुरावा म्हणून मूल्य : या विषयातला सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित भाग. ध्वनिचित्रण न्यायालयात कसे चालते याचा आज प्रमाण मानला जाणारा निवाडा परभणीला लागून असलेल्या जालन्यातून गेलेला आहे, आणि त्याचा सायकलीशी काही संबंध नाही. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजयी झाले. खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदत उलटल्यावर, म्हणजे २७ सप्टेंबरला दुपारी तीननंतर, घेतले गेले असा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण त्यासाठी पुढे आले. चित्रणासोबत भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र मात्र नव्हते. मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते. तरीही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल कायम ठेवताना नियम स्पष्ट केला : प्रतीवर, म्हणजे सीडी, पेन ड्राइव्ह वा फॉरवर्ड केलेल्या फाइलवर विसंबायचे असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सिद्ध केले तर त्याची गरज नाही. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पक्षकाराने शक्य ते सारे केले असेल, तर सवलत मिळू शकते.

सायकलस्वाराला याचा अर्थ सोपा आहे. ज्या फोनमध्ये चित्रण झाले तो फोन आणि ती मूळ फाइल जपायची. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ आकुंचन पावतो व चित्रणाची मूळ माहिती गमावतो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ चुकीची असेल तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

१ जुलै २०२४पासून पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३(४)खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक उपकरण बाळगणाऱ्याने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यात फाइलचे हॅश मूल्य (एसएचए-२५६ इत्यादी) नोंदवावे लागते. खासगी फिर्यादीने हा तज्ज्ञ कोठून आणावा याबाबत एकवाक्यता झालेली नाही. थेट प्रक्षेपणासाठी कलम ५७चे सहावे स्पष्टीकरण विशेष मोलाचे आहे. चित्रण साठवले जात असतानाच अन्यत्र प्रक्षेपित किंवा हस्तांतरित होत असेल, तर साठवलेली प्रत्येक प्रत प्राथमिक पुरावा ठरते. फोन चिरडला गेला तरी यूट्यूबवर राहिलेली प्रत दुय्यम मानली जाणार नाही, असा युक्तिवाद यातून करता येतो. कलम ६३शी त्याचा मेळ कसा घालायचा हा वादाचा मुद्दा आहे. मात्र स्पष्टीकरणातील शब्द ‘साठवलेली’ असा आहे. घरी लावलेला व्हिडिओ कॉल कुठेच साठत नाही, म्हणून पाहणाऱ्याची तोंडी साक्ष एवढीच त्याची किंमत.

नुकसानभरपाई : नंबर प्लेट वाचता येण्या-न येण्याचा फरक इथे रुपयांत दिसतो. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२पासून लागू असलेल्या केंद्रीय योजनेत मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात (त्याआधी २५,००० व १२,५००). वाहन ओळखले गेले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तिथे मृताचे वय, उत्पन्न व अवलंबून असणारे यांवरून रक्कम ठरते, आणि वाहनाचा विमा असेल तर ती विमा कंपनीकडून वसूल होते. मजुराच्या कुटुंबालाही ती दोन लाखांच्या बरीच वर जाऊ शकते. दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत २०१९च्या दुरुस्तीने आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

नवी मुंबईत पाम बीच रोडवर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांना सायकल चालवताना मागून टॅक्सीने धडक दिली व त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबत इतर सायकलस्वार होते. अंधारात साईडपट्टीवरून एकट्याने परतणाऱ्या मजुराला असे साक्षीदार नसतात, आणि कॅमेऱ्याची खरी गरज त्याला आहे.

पोलीस यंत्रणा : देशात २०२२मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले, धडकेच्या प्रकारांत मागून बसलेली धडक सर्वाधिक होती. अपघातस्थळाची छायाचित्रे व अक्षांश-रेखांश पोलिसांनी ‘आयरॅड’ प्रणालीत भरायचे असतात. २०२१मध्ये ती ज्या सहा राज्यांत प्रथम आली त्यांत महाराष्ट्र होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ऑगस्ट २०२१च्या नियम १६७-अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठी निवडलेल्या शहरांत मराठवाड्यातून औरंगाबाद, जालना व लातूर आहेत, परभणी नाही. नागरिकांना वाहतूक नियमभंगाची तक्रार छायाचित्रासह ‘महाट्रॅफिक’ अॅपवर करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. तपासी अंमलदाराने फोन मुद्देमाल म्हणून जमा केला, तर न्यायालयात अर्ज करून तो सुपूर्दनाम्यावर परत घेता येतो. फोन अडकून पडेल या धास्तीने चित्रण लपवणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

खासगीपणा : सार्वजनिक रस्त्यावरील चित्रणास सर्वसाधारण मनाई नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा वैयक्तिक वा घरगुती कारणासाठीच्या वापराला लागू होत नाही. समाजमाध्यमावर टाकलेले चित्रण त्यात बसते का, याबाबत मते भिन्न आहेत. गुन्ह्यातील पीडित अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४खाली गुन्हा आहे. छेडछाडीचे चित्रण म्हणूनच पोलिसांना द्यावे, गावाच्या ग्रुपवर टाकू नये.

हेल्मेट : सायकलस्वारास बंधनकारक नाही.

सायकलचोरी : उभ्या सायकलीवरचा कॅमेरा बहुधा सायकलीबरोबरच जातो.