मैदानाची निवड

माझा एक भाचा बरींच वर्षें अमेरिकेंत असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें मोटारीनें तीन आठवड्यांचा प्रवास केला आणि परतल्यावर मला एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत डोंगर, सरोवरें आणि शहरें यांचा उल्लेख केवळ तोंडीं लावण्यापुरता होता. मुख्य मजकूर होता तो मैदानांविषयीं. कोणत्या गांवीं कोणतें मैदान निवडलें, कोणतें टाळलें, कोठें निवड चुकली, आणि एका मैदानासाठीं साठ मैलांचा वळसा घेतला तो कसा सार्थकीं लागला, हेंच त्यानें पानेंच्या पानें लिहिलें होतें.

हा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. गोल्फमध्यें काठीनें चेंडू टोलवीत खळग्यांत घालावयाचा असतो. येथें चेंडूच्या जागीं हातानें फेंकावयाची तबकडी असते आणि खळग्याच्या जागीं सांखळ्या लोंबणारी एक लोखंडी टोपली. कमींत कमी फेंकींत जो तबकडी टोपलींत घालील तो श्रेष्ठ. व्हॅम-ओ नांवाच्या खेळणीं बनविणाऱ्या कंपनींत काम केलेल्या एड हेड्रिक नामक गृहस्थानें लॉस एंजल्सजवळील ओक ग्रोव्ह उद्यानांत १९७५ सालीं या खेळाचें मैदान आंखलें. सांखळ्यांची टोपली ही त्याचीच कल्पना. हा मनुष्य आपल्या खेळांत इतका रंगून गेलेला होता कीं, २००२ सालीं तो वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची रक्षा मिसळून कांहीं तबकड्या घडविण्यांत आल्या. आपल्याकडील अस्थिविसर्जनाच्या कल्पनेशीं हें कितपत जुळतें, तें वाचकांनींच ठरवावें.

हीं मैदानें बहुधा सार्वजनिक उद्यानांत असतात आणि पुष्कळ ठिकाणीं दामही पडत नाहीं. म्हणून प्रवासी खेळाडूपुढें प्रश्न उरतो तो पैशाचा नव्हे, निवडीचा. झाडी किती, चढउतार किती, पाणी आडवें येतें काय, वाट चुकूं नये म्हणून खुणा नीट आहेत काय, गर्दी केव्हां होते, आणि आपल्या हाताला झेंपेल इतकेंच तें अवघड आहे काय, हें सगळें तो आधीं चौकशी करून ठरवितो. भाच्याचें पत्र घरांत मोठ्यानें वाचलें गेलें तेव्हां मंडळी पोट धरून हंसली. खेळासाठीं प्रवास, आणि त्या प्रवासासाठीं एवढा अभ्यास! मलाही प्रथम हंसूं आलें. परंतु रात्रीं विचार करतां करतां ध्यानांत आलें कीं, ही विद्या आपल्या नगर जिल्ह्याला मुळींच नवी नाहीं. येथील पैलवान आणि त्यांचे वस्ताद ती पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत.

मात्र निवड खेळाडूच्या हातीं आली ती बऱ्याच उशिरां. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ आहे. त्यांत मल्लविनोदाचें सविस्तर वर्णन आहे. मल्लांच्या प्रती सांगितल्या आहेत, आखाड्याची रचना सांगितली आहे. पण तो विनोद राजाचा. आखाडा राजाचा, जोड राजानें लावावयाची, आणि मल्लानें बोलावतील तेथें उभें राहावयाचें.

खुद्द अहमदनगरची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. मलिक अहमद निजामशहानें १४९० मध्यें बहमनी फौजेचा पराभव केला आणि चार वर्षांनीं त्याच परिसरांत नगर वसविलें. हा राजा तरवारीच्या हातांत निपुण होता. यथा राजा तथा प्रजा या न्यायानें सारें शहर त्या नादीं लागलें. येथें लहानपण घालविलेला इतिहासकार फरिश्ता सांगतो कीं, विद्याशाळांच्या जागीं जिकडेतिकडे तरवारीच्या तालमी झाल्या आणि तरुणांच्या तोंडीं दुसरा विषय राहिला नाहीं. कोण श्रेष्ठ असा वाद पडला कीं, दोघेही राजापुढें जाऊन एकास एक लढत, आणि त्यालाच एकांगी म्हणत. पुढें दरबारांतून रोज दोनतीन प्रेतें बाहेर निघूं लागलीं, तेव्हां राजाला त्याची शिसारी आली. पण त्यानें द्वंद्वें बंद केलीं नाहींत. त्यांची फक्त जागा बदलली. माझ्यापुढें नको, किल्ल्याजवळ काळ्या चबुतऱ्याच्या मैदानांत काय तें करा आणि बघ्यांनीं मध्यें पडूं नये, असा हुकूम झाला. ही चाल पुढें दक्षिणेंत सर्वत्र पसरली. विजापुरास भर रस्त्यांत पिकल्या दाढीचे प्रतिष्ठित गृहस्थ क्षुल्लक बोलाचालीवरून एकमेकांच्या तरवारींनीं कसे प्राणांस मुकले, हें फरिश्त्यानें स्वतः पाहिलें होतें आणि तें त्यानें उद्वेगानें लिहून ठेविलें आहे.

या हकिगतींत इतर लोक शौर्य पाहतात. माझें लक्ष मात्र त्या काळ्या चबुतऱ्याकडे जातें. बघे मध्यें पडणार नाहींत एवढी एकच हमी तेथें होती. खेळाडूच्या दृष्टीनें मैदानाचा पहिला गुण हाच, लांबीरुंदी मागाहून.

दरबारें गेलीं आणि मल्ल जत्रांच्या आश्रयास आला. हा बदल वाटतो तितका दुःखाचा नव्हता. पोशिंदा एक होता त्या जागीं शेंकडों गांवें झालीं, आणि कोठें जावें हें ठरविण्याचा अधिकार प्रथमच त्याच्याकडे आला. आमच्या जिल्ह्यांत जत्रेंतील कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. रब्बीचीं पिकें निघालीं, खळीं उरकलीं, कीं फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं देवाची पालखी निघते किंवा पिराचा संदल, आणि दुसऱ्या दिवशीं उतरत्या उन्हांत कुस्त्यांचा फड भरतो. देव कोणाचा, पीर कोणाचा, हा प्रश्न फडांत उतरणाऱ्याला कोणी विचारीत नसे. पण तिथी ठरलेल्या, आणि एका तिथीला चार गांवांच्या जत्रा! पौर्णिमेला गोदाकांठीं गेलें तर पारनेरच्या डोंगरांतील हगामा हुकतो. तेव्हां तालमीचे वस्ताद माघांतच पंचांग घेऊन बसत.

माझें आजोळ गोदाकांठचें. तेथील तालमीच्या ओट्यावर बसून अशा मसलती मीं लहानपणीं ऐकल्या आहेत. पहिली चौकशी मातीची. आमच्या नदीकांठची जमीन काळी, सुकली कीं ढेंकळांनीं अंग सोलणारी; डोंगराकडे मुरूम. फडासाठीं तांबडी माती गाड्यांनीं आणावी लागते, ती चाळून तींत तेल, ताक, हळद घालून मऊ करावी लागते. ज्या गांवीं एवढी यातायात करितात त्या गांवाला कुस्तीची चाड आहे असें समजावें. नांगरट सपाट करून वर दोन पाट्या माती पसरणाऱ्या गांवीं पोरगा पाठवूं नये, खांदा निखळून घरीं येतो. दुसरी चौकशी इनामाची. ती लोकांना वाटते तितकी महत्त्वाची नसे, कारण दवंडींतला आंकडा आणि हातांत पडणारा आंकडा यांतील अंतर वस्तादांना पाठ असे. तिसरी चौकशी सर्वांत बारीक आणि कुजबुजत्या आवाजांत होई: जोड कोण लावतो?

मैदानाची निवड म्हणजे खरें पाहतां या माणसाची निवड. रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत, हलगीच्या तालावर फडाभोंवतीं फिरून कोणास कोणाशीं भिडवावयाचें हें तो ठरवितो. गांवच्या पैलवानाला मान मिळावा म्हणून त्याला मुद्दाम कच्चा जोड देणारे लोक असत. परगांवचा मल्ल वरचढ ठरतो असें दिसतांच ‘बरोबरींत सोडवा’ असा गलका करणारे असत. आणि दोघांनीं आधींच ठरवून केलेली नूरा कुस्ती डोळ्यांआड करणारेही असत. उलट कांहीं गांवांची कीर्ति अशी कीं, तेथें स्वतः पाटलाचा मुलगा चीत झाला तरी पाटील उठून परक्या मल्लाच्या डोक्यास फेटा बांधी. अशा गांवीं इनाम चार आणे कमी असलें तरी आमचे वस्ताद जात. गरीब घरच्या पोराला महिनाभराच्या दुधाचे पैसे फडांतून मिळवावयाचे असत, आणि एक मोडलेला हात त्याला कायमचा घरीं बसवूं शके. हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या कुजबुजीचें मोल कळतें.

आगगाडीनें या निवडीचा नकाशाच बदलला. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्यें सुरू झाला आणि नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबें, कोपरगांव हीं ठिकाणें एका रुळावर आलीं. बैलगाडीनें तीन मुक्काम लागत तेथें मल्ल सकाळीं बसून दुपारीं पोंचूं लागला. याचें उत्तम उदाहरण म्हणजे शिर्डी. कोपरगांवच्या गोपाळराव गुंडांच्या पुढाकारानें तेथें १८९७ मध्यें रामनवमीच्या दिवशीं उरूस सुरू झाला; पुढें १९१२ च्या सुमारास त्याला रामजन्मोत्सवाची जोड मिळाली. दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’ंत ही सारी हकीगत आहे, आणि जत्रा वाढली तशी दुकानें वाढलीं व नामांकित मल्ल कुस्त्यांसाठीं येऊं लागले अशीही नोंद आहे. आडगांवच्या फडावर नामांकित मल्ल उगीच येत नाहींत. साईबाबांच्या कीर्तीइतकेंच श्रेय मी कोपरगांव स्टेशनला देतों. त्याच ग्रंथांत, बाबा पूर्वीं पैलवानी वेषांत राहत व मोहिद्दीन तांबोळी नांवाच्या माणसाशीं झालेल्या कुस्तींत हरल्यावर त्यांनीं तो वेष टाकून कफनी घेतली, असें म्हटलें आहे. हरलेल्या कुस्तीचा एवढा मोठा परिणाम जिल्ह्याच्या इतिहासांत दुसरा नसेल.

आतां ज्यांच्याविषयीं मला विशेष सांगावयाचें आहे त्यांच्याकडे वळतों. वर वर्णिलेल्या मल्लाला गांव होतें, तालीम होती, वस्ताद होता. गोपाळ समाजाच्या मल्लांना यांतलें कांहींच नव्हतें. या भटक्या समाजाची एक शाखाच ‘पैलवान गोपाळ’ या नांवानें ओळखली जाते. कुस्ती आणि कसरत हा त्यांचा वंशपरंपरेचा धंदा, आणि गांवोगांव फिरणें ही त्या धंद्याची अट. चावडीपुढें पाल टाकून, छातीवर दगड फोडून घेणारे आणि जड गोटे उचलून दाखविणारे गोपाळ मीं पाहिले आहेत. त्यांच्यासाठीं कोणी माती चाळीत नसे. कोणत्या गांवीं उतरावें, कोणत्या गांवचा पाटील रात्रीं पाल उठवितो, कोठें विहिरीवर पाणी मिळतें, हीच त्यांची मैदानाची पारख. पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेस ही सारी भटकी दुनिया लोटते. गोपाळांची मानाची होळी पेटते, कैकाड्यांची मानाची काठी कळसास लागते, गाढवांचा बाजार भरतो. जातपंचायतीही पूर्वीं तेथेंच बसत. वर्षभराच्या वाटांची बातमी, कोणतें गांव चांगलें आणि कोणतें वाईट, तेथेंच एका पालांतून दुसऱ्या पालांत जात असली पाहिजे असें मला वाटतें. भाचा ज्या चौकशा करून मैदान ठरवितो, त्या चौकशांचें हें मूळ पीठ.

परंतु या निवडीकडे सरकार कसें पाहत होतें? रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातींवरील ग्रंथ १९१६ मध्यें निघाला. वऱ्हाडांतील गोपाळांच्या प्रकरणाचा आरंभच ही एक लहान, भटकी व गुन्हेगार जात आहे अशा अर्थाच्या वाक्यानें होतो. पैलवान गोपाळ कुस्त्या करितात हें पुढें ओघांत येतें. तो काळच तसा होता. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची सोय केली होती, आणि १९११ च्या कायद्यानें तिचें क्षेत्र देशभर वाढविलें. नोंद झालेल्या जमातींच्या माणसाला हजेरी दिल्यावांचून गांव सोडतां येत नसे. हा कायदा १९५२ मध्यें रद्द झाला. त्याच काळीं साहेबलोकही खेळासाठीं फिरत होतेच. कलकत्त्यास १८२९ पासून आणि मुंबईस १८४२ पासून त्यांचे गोल्फचे क्लब होते. साहेब काठ्यांची पिशवी नोकराच्या खांद्यावर देऊन एका मैदानाहून दुसऱ्या मैदानास गेला कीं, ती हवापालट. गोपाळ लंगोट काखोटीस मारून एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस गेला कीं, त्याच्यामागें शिपाई. दोघेही चांगलें मैदानच शोधीत होते.

आजचा मल्ल राज्यभर फिरतो आणि त्याचीं मैदानें ठरवितात त्या संघटना. गादीवरील कुस्ती तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांची. मातींतील जुन्या कुस्तीला घड्याळ नव्हतें. पाठ लागली कीं निकाल. पण गादी आली म्हणून जुना प्रश्न सुटला असें नाहीं. जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झाल्यानंतर, २०२५ च्या फेब्रुवारींत, येथील वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. गादी विभागाच्या अंतिम कुस्तींत पाठ टेंकली कीं नाहीं यावरून असा वाद पेटला कीं, प्रकरण पंचावर हात उगारण्यापर्यंत गेलें. त्यानंतरची किताबाची लढतही शांतपणें पार पडली नाहीं, आणि शेवटीं दोन मल्लांवर तीन तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्या दिवशीं कोण बरोबर होतें याचा निकाल मी देऊं शकत नाहीं. मी घरीं बसून पाहत होतों, आणि मला आजोळच्या ओट्यावरची कुजबुज आठवत होती.

भाच्याला मीं हें सर्व सविस्तर लिहून कळविलें. त्याचें उत्तर परवां आलें. ‘मामा, पुढच्या फाल्गुनांत मी येतों. मढी आणि नंतर एखादा चांगला हगामा पाहूं. मैदान तुम्हीच निवडा. रजा मांडावयाची आहे, म्हणून नक्की तारीख तेवढी कळवा.’ मढीच्या यात्रेची तारीख काढणें सोपें आहे. रंगपंचमी पंचांगांत सांपडते. हगाम्याचें मात्र अवघड झालें आहे. आजोळच्या तालमीचे वस्ताद वारून पुष्कळ वर्षें झालीं, तालमीच्या हौदांत आतां ग्रामपंचायतीचें सामान असतें, आणि जोड कोणत्या गांवीं सरळ लागते हें विचारावें असा माणूस मला अजून भेटलेला नाहीं. पाथर्डीकडील एका विद्यार्थ्यानें, त्याचे आजोबा अद्याप फडावर जातात, असें सांगितलें आहे. येत्या रविवारीं त्यांच्याकडे जावयाचें ठरविलें आहे.