दुरुस्त ॲम्प्लिफायरमधली गळती: दोष पार्टमध्ये की बोर्डावर?

उन्हाळ्यात दुरुस्त करून नेलेला ॲम्प्लिफायर गणपतीच्या तोंडावर पुन्हा गुरगुरू लागतो. पार्ट नवे, सप्लाय बरोबर, तरी स्पीकरमध्ये हम किंवा करकर, नाहीतर आउटपुटवर डीसी. मग पुन्हा ट्रान्झिस्टर बदलायची घाई होते. अशा सेटमध्ये दोष पुष्कळदा दोन ट्रॅकमधल्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असतो. तिथून करंट झिरपतो, हीच गळती.

कॅबिनेटला हात लावल्यावर शॉक बसत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी ट्रान्सफॉर्मर, मेन कॉर्ड आणि अर्थिंग तपासायचं. तोवर सेट चालू करायचा नाही.

बोर्डावरची गळती बहुधा दुरुस्तीतूनच येते. सोल्डरिंग पेस्ट पुसायची राहते आणि पावसाळी दमट हवेत ती ओलावा धरते. जुन्या कपॅसिटरमधलं फुटलेलं द्रव नव्याच्या खाली तसंच राहतं. कपॅसिटर चिकटवायचा पिवळा गोंद उष्णतेने तपकिरी होतो आणि करंट वाहू देतो. रेझिस्टर जळाला असेल तर खालचा काळा डाग म्हणजे चक्क कार्बन. जुने तपकिरी कागदी बोर्ड फायबरच्या बोर्डापेक्षा ओलावा जास्त पितात.

एवढ्याशा गळतीने काय बिघडतं? समजा, सप्लाय ४० व्होल्ट आहे आणि इनपुट ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडला ४७ किलोओहम आहे. सप्लायच्या ट्रॅकवरून बेसकडे २ मेगाओहमची गळती झाली तर बेसवर जवळपास ०.९ व्होल्ट येतात. फीडबॅकमध्ये कपॅसिटर असलेल्या नेहमीच्या सर्किटमध्ये तेवढेच आउटपुटवर दिसतात. कपॅसिटर नसेल तर तेच गेनइतके पट वाढतात, आणि मग स्पीकरची कॉइल वाचणं कठीण.

तपासताना स्पीकर काढून ठेवायचा आणि मेनमध्ये सिरीज बल्ब लावायचा. बल्बमुळे सेट वाचतो, माणूस नव्हे. सोल्डरिंगआधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करायचे आणि मीटरने खात्री करायची. मग इनपुट ट्रान्झिस्टर काढायचा, त्याच्या बेसच्या पॅडला जोडलेल्या सगळ्या पार्टचा एकेक पाय उचलायचा. आता त्या पॅडला कुठलाच पार्ट जोडलेला नाही. सेट चालू करून पॅड ते ग्राउंड डीसी मोजावं. शून्याच्या आसपास आलं तर बोर्ड स्वच्छ, संशय पार्टवर. वरच्या उदाहरणातली गळती १० मेगाओहमच्या साध्या डिजिटल मीटरवर ३३ व्होल्ट दाखवेल. नुसत्या ओहम रेंजवर ती सहज निसटते, कारण तिथे मीटर फारच कमी व्होल्टेज देतो.

गळती सापडली की सेट बंद करून, कपॅसिटर पुन्हा रिकामे करून सफाई. पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने सोडवायची आणि ओली असतानाच कापडाने टिपायची. नुसती वाळू दिली तर ती पसरते. कपॅसिटरचं द्रव आधी डिस्टिल्ड पाण्याने, मग अल्कोहोलने धुवावं. गोंद खरवडून काढावा. कार्बन मात्र धुतल्याने जात नाही. तिथे बोर्डाचा मूळ रंग दिसेपर्यंत कोरावं आणि तुटलेला ट्रॅक स्लीव्ह घातलेल्या वायरने जोडावा.

बोर्ड पूर्ण वाळल्यावर पार्ट बसवून, स्पीकर न जोडता सेट अर्धा तास तापू द्यावा. आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत टिकला तरच स्पीकर जोडावा.