नीस, राखेच्या बुधवारची पहाट

नीसला जायचंच असेल तर मंगळवार, 22 फेब्रुवारी 1887 हा दिवस धरा आणि दुपारी बाराच्या जरा आधी उतरा, म्हणजे घड्याळ लावायची सोय होईल. बाराच्या ठोक्याला किल्ल्याच्या टेकडीवरून तोफ उडते. फिरायला गेलेली बायको जेवायला वेळेवर परतेना म्हणून एका स्कॉटिश गृहस्थाने ही तोफ पदरच्या पैशाने सुरू केली, असं गावात सांगतात. त्याच्या बायकोचं म्हणणं मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही.

दचकलात? नवखे सगळेच दचकतात. आता कोटाची वरची दोन बटणं काढा. पॅरिस, लंडन, पीटर्सबर्ग या घटकेला गारठलेली आहेत आणि तुम्हाला इथे उन्हाने घाम यायच्या बेतात आहे. पाठीमागचे आल्प्स उत्तरेचा वारा अडवतात, समोरचा समुद्र उन्हाळ्यात साठवलेली ऊब हिवाळाभर हळूहळू सोडत राहतो. या दोन गोष्टींच्या जिवावर नीस पोट भरतं. पाहुणे पानगळीच्या सुमारास येऊ लागतात, वसंतात पांगतात आणि उन्हाळ्यात मोठी हॉटेलं सरळ कुलूप लावून बसतात. भर जुलैत लोक पैसे मोजून इथे येतील आणि कपडे उतरवून त्या गोट्यांच्या किनाऱ्यावर भाजत पडतील, असं आज कोणाला सांगू नका. वेड्यात काढतील.

समुद्राकाठचा हा लांबलचक रस्ता म्हणजे ‘इंग्रजांची रपेट’, प्रोमनाद देझांग्ले. 1820 च्या सुमारास कडाक्याच्या थंडीने इथली संत्र्याची झाडं करपली, गावात भिकारी वाढले, तेव्हा लुईस वे नावाच्या इंग्रज पाद्र्याने वर्गणी काढून त्यांना हा रस्ता बांधायच्या कामाला लावलं. कामाला हात गावाचे, फिरायला पाय पाहुण्यांचे. ही वाटणी अजून तशीच आहे. बायकांच्या हातातल्या छत्र्या बघा: उन्हासाठी हजार मैल यायचं आणि ऊन कातडीला लागू द्यायचं नाही.

चाकांच्या खुर्च्या दिसतात त्यांच्याकडे टक लावून बघू नका. रुमालात दाबलेला खोकला तुम्हाला रस्ताभर ऐकू येईल. कोखने क्षयाचा जंतू 1882 मध्ये दाखवला खरा, पण औषध कुठे आहे? म्हणून डॉक्टर हवापालट लिहून देतात आणि बजावतात की सूर्य बुडायच्या आत घरात या. ते बरोबरच आहे. ऊन गेलं की हवा अशी गार होते की काढलेली बटणं घाईघाईने लावावी लागतात. याच आठवड्यात, 26 तारखेला, पुण्यात आनंदीबाई जोशी क्षयानेच जाणार आहेत. वय पुरतं बावीसही नाही. तुम्हाला हे ठाऊक आहे आणि इथून काहीही करता येत नाही. काळाच्या प्रवासातली ही सगळ्यात वाईट गोष्ट.

हॉटेलात खोली मागाल तर पहिला प्रश्न येईल: दक्षिणेकडची की उत्तरेकडची? दक्षिणेकडच्या खोलीत ऊन येतं आणि त्याचे पैसे पडतात. उत्तरेच्या खोलीत तोच समुद्र, तेच आल्प्स गृहीत धरायचे आणि कुडकुडायचं. जाड मिशांचे, डोळे अधू असलेले एक जर्मन निवृत्त प्राध्यापक अशाच बिनशेगडीच्या खोलीत बोटं निळी पडेपर्यंत लिहीत होते. नीत्शे त्यांचं नाव. वय 42, पुस्तकं फारशी खपत नाहीत. रस्त्यात दिसले तर ओळख दाखवू नका. ओळख दाखवणाऱ्यांची त्यांना अजून सवय नाही.

भूक लागली असेल तर जुन्या गावात शिरा. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन तिसऱ्या मजल्यावरच थबकतं. हे गाव कायमचं फ्रान्सचं झालं ते 1860 मध्ये. म्हाताऱ्या अजून आपल्या निसार बोलीतच भांडतात. लाकडाच्या भट्टीतून तांब्याची परातीएवढी थाळी बाहेर येते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. याला सोक्का म्हणतात. कडेला करपलेला, मध्ये मऊ, बेसनाच्या धिरड्याचा सख्खा भाऊ. वर मिरपूड भुरभुरून बोटांनीच खा आणि कडेचा तुकडा मागून घ्या.

दुपारनंतर कार्निव्हलच्या मिरवणुकीत जाणार असाल तर तारेच्या जाळीचा मुखवटा भाड्याने घ्या, चैन म्हणून नव्हे, डोळे वाचवायला. कागदी कॉन्फेटी अजून यायची आहे. आज फेकतात त्या प्लास्टरच्या गोळ्या. पहिली कानामागे बसते, दुसरी कॉलरमधून पाठीत उतरते, तासाभरात तुम्ही गिरणीतल्या हमालासारखे पांढरे होता. इथे मात्र जुन्या गावातली पोरं लॉर्डसाहेबांना मनसोक्त झोडपतात आणि साहेब हसतात. रात्री कार्निव्हलच्या राजाचा पुतळा जाळतात, मग मुखवट्यांचे नाच पहाटेपर्यंत. तुम्ही मात्र झोपू नका आणि पहाट होऊ लागली की छताखाली थांबू नका.

भूकंपाच्या आधी कुत्री भुंकतात असं म्हणतात. मला विचाराल तर आधी काचा वाजतात. मग जमीन खालून ढकलल्यासारखी उचलते आणि रस्त्यावर एकदम माणसं: रात्रीच्या अंगरख्यातली, अनवाणी, आणि नाचातून थेट आलेले विदूषक, गालावरचा रंग ओघळलेला. नीसमध्ये पडझड बेताची. खरा घाला पूर्वेला, इटलीच्या किनाऱ्यावर पडला. बायार्दो गावात राखेच्या बुधवारच्या प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर देवळाचं छत कोसळलं. एकूण मृत सहाशेच्या वर.

नीत्शे घाबरलेल्या गर्दीतून मजेत हिंडतात. त्या दिवशीच्या तारखेच्या पत्रात मित्राला लिहितात ते पुस्तकाच्या दुकानात अवचित हाती लागलेल्या दोस्तोयेव्हस्कीबद्दल. ही बेफिकिरी की शौर्य, माझं अजून ठरलेलं नाही.

त्या रात्री प्रोमनादवर घोडागाड्यांत झोपलेले सरदार-दरकदार बघून घ्या, असं दृश्य परत नाही. आगगाड्या पॅरिसच्या दिशेने खच्चून भरून सुटतात, सामान मागे राहिलं तरी चालेल अशा बेताने. तुम्ही स्टेशनवर जाऊ नका. गुरुवारी पायों नदीच्या पात्रात उतरा. पाणी थोडं, गोटे फार, आणि गुडघ्यांवर बसलेल्या धोबिणी हॉटेलांच्या चादरी आपटताहेत. जमीन अजून अधूनमधून हलते, तेवढ्यापुरता हात थांबतो. त्यांच्यातली एक मान वर करून तुम्हाला विचारते, तुम्ही राहणार की जाणार? जाणार असाल तर धुलाईचे पैसे आत्ताच टाका. कालपासून तीन साहेब न देताच पळालेत.