इंजिनिअरिंगला जायचंय? कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी कोणता निर्णय कधी घ्यावा

बारावीचा निकाल लागला की घरात चर्चा सुरू होते: कॉलेज कुठलं, ब्रँच कुठली? पण तोपर्यंत काही वाटा बंद झालेल्या असतात. इंजिनिअरिंगमध्ये चार वर्षं आणि घरचे बरेच पैसे जातात. म्हणून कोणता निर्णय कधी घ्यायचा, ते आधीच माहीत असलेलं बरं.

दहावीनंतर: दोन वाटा

पहिली वाट अकरावी-बारावी सायन्स, सीईटी आणि चार वर्षांची पदवी. दुसरी वाट तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन्ही वाटांनी पदवीला दहावीनंतर सहाच वर्षं लागतात. डिप्लोमावाल्याच्या हातात मात्र तीन वर्षांनी नोकरीपुरती पात्रता येते. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा मोठा आधार ठरतो. पण डिप्लोमानंतर पदवीचं गणित जड जातं, त्याची तयारी ठेवा.

सीईटी: गणितावर निम्मे गुण

एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी ५०, तर गणिताला १०० गुण असतात. पेपर २०० गुणांचा, वेळ १८० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो, तो वाऱ्यावर सोडू नका. बारावीकडेही दुर्लक्ष नको: पात्रतेसाठी संबंधित विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात.

कागदपत्रं: अकरावीतच सुरुवात करा

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी. यातलं एखादं वेळेत आलं नाही, तर गुण असूनही राखीव जागा हातची जाऊ शकते. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

फीचंही याच कागदांवर अवलंबून असतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. याच मर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर सवलत मिळत नाही.

पसंतीक्रम: पहिलं नाव विचारपूर्वक

पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, की ती पक्की होते आणि पुढच्या कॅप फेऱ्यांत बदल मागता येत नाही. म्हणून 'लागेल ते' वर लिहू नका, 'हवं ते' वर लिहा. बाकीचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या.

आसपास पर्याय बरेच आहेत: कोल्हापुरात केआयटी, कसबा बावड्यात डी. वाय. पाटील, शिवाजी विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग, इचलकरंजीत डीकेटीई, सांगलीत १९४७ पासूनचं वालचंद आणि कराडचं शासकीय कॉलेज.

ब्रँच: सगळेच कॉम्प्युटरला का?

कॉम्प्युटरची आवड असेल तर जरूर घ्या. पण मित्र घेतोय म्हणून घेण्याआधी आपल्या जिल्ह्याकडे एकदा बघा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये गाड्यांसाठी, पंपांसाठी कास्टिंग ओतलं जातं आणि मग सीएनसी मशिनवर त्याला अचूक माप दिलं जातं. कास्टिंगमध्ये हवेची पोकळी का राहिली, हे शोधायला मेटलर्जी आणि मेकॅनिकल लागतं. भट्टीची वीज वाचवायला इलेक्ट्रिकल लागतं. मशिनचा डेटा वाचायला कॉम्प्युटरवालाच लागतो. साखर कारखान्यांत वीजनिर्मिती आणि इथेनॉल आहे, इचलकरंजीत टेक्स्टाइल. सुट्टीत ओळखीच्या कारखान्यात एक दिवस जाऊन या, आपल्याला काय आवडतं ते बऱ्यापैकी कळेल.

चार वर्षांत काय करायचं?

पहिल्या वर्षी गणिताचा पाया आणि एक प्रोग्रॅमिंग भाषा, ब्रँच कुठलीही असो. दुसऱ्या वर्षी आपल्या ब्रँचचं एक सॉफ्टवेअर नीट शिका. मेकॅनिकलला ते डिझाइनचं असेल. तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम असलेली इंटर्नशिप करा, नुसतं प्रमाणपत्र देणारी नको. गेट परीक्षाही तिसऱ्या वर्षापासून देता येते, एम.टेक. आणि काही सरकारी कंपन्यांतल्या भरतीला तिचे गुण लागतात. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट विकत घेऊ नका. मुलाखतीत पहिले प्रश्न त्यावरच येतात आणि स्वतः न केलेलं काम दोन मिनिटांत उघडं पडतं.

कॅम्पसमधून नोकरी मिळाली नाही, तर पदवीधरांसाठी विद्यावेतनासह एक वर्षाची अप्रेंटिसशिप असते. रिकामं बसण्यापेक्षा ती करा. पुढच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहायला काहीतरी असेल.