वर्गणीदारांची यादी

मुद्रणकला सर्वत्र पसरल्यापासून ग्रंथकर्त्यापुढें एक प्रश्न सतत उभा राहिलेला आहे. ग्रंथ छापून झाला, तो चांगलाही आहे. परंतु ज्यांच्यासाठीं तो लिहिला त्यांच्या दृष्टीस तो पडावा कसा, आणि एकदां पडल्यावर पुढचा ग्रंथ निघेपर्यंत कर्त्याचें नांव त्यांच्या स्मरणांत रहावें कसें? ज्याला राजाश्रय आहे किंवा मोठ्या प्रकाशकाचा आधार आहे, त्यास ही चिंता फारशी करावी लागत नाहीं. जो स्वतःच्या बळावर लिहितो व स्वतःच प्रसिद्ध करतो, त्याची पाठ मात्र ती कधींच सोडीत नाहीं.

इंटरनेटच्या युगांत हा प्रश्न नव्या वेषांत पुढें आला आहे. २००७ सालीं ॲमेझॉननें किंडल हें वाचनयंत्र विक्रीस आणलें, आणि त्याबरोबरच लेखकास आपला ग्रंथ आपल्या हातानें त्या दुकानांत मांडण्याची सोय करून दिली. कागद, छपाई, बांधणी व गुदाम ह्यांच्या खर्चाचें ओझें त्यामुळें उतरलें. परंतु मांडण्याची सोय झाली म्हणजे दिसण्याची सोय झाली असें नव्हे. जेथें पुस्तकांची गणतीच करवत नाहीं, तेथें गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर कोणतें पुस्तक यावें हें दुकानाचें गणित ठरवितें, आणि तें गणित लेखकास कोणी समजावून सांगत नाहीं. असें संकट पूर्वीं कधीं आलेंच नव्हतें, असें आमचे तरुण लेखकमित्र म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. दुकान नवें आहे. दुखणें जुनें आहे, आणि त्यावरील औषधही बरेंच जुनें आहे.

इ. स. १६६७ मध्यें मिल्टननें आपलें 'पॅरडाइज लॉस्ट' हें महाकाव्य सॅम्युएल सिमन्स ह्या मुद्रकास दिलें. पांच पौंड रोख, आणि पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्यावर आणखी पांच, असा करार होता. हे दहा पौंड कवीस मिळाले. त्याच्या पश्चात् १६८० सालीं त्याच्या विधवा पत्नीनें उरलेला हक्क आठ पौंडांस सोडून दिला. रक्कम अल्प होती, हें दुःख सर्वच चरित्रकार सांगतात. आम्हांस दुसरीही एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ह्या व्यवहारांत कवीच्या हातीं पैसे आले, वाचकांचीं नांवें आलीं नाहींत. त्याचा व वाचकाचा संबंध सिमन्सच्या दुकानाच्या दारांतूनच जात होता.

अर्धशतकानंतर पोपनें हा क्रम उलटा केला. होमरच्या 'इलियड'चें भाषांतर करण्याचा संकल्प त्यानें १७१३ सालीं जाहीर केला, आणि ग्रंथ पुरा होण्याच्या पुष्कळ आधीं वर्गणीदार जमविण्यास आरंभ केला. ग्रंथाचे भाग सहा, आणि दर भागास एक गिनी. स्विफ्टसारखा मित्र त्याच्यासाठीं बड्या लोकांकडे शब्द टाकीत असे. १७१५ सालीं पहिला भाग निघाला तेव्हां त्यांत वर्गणीदारांची यादीच छापलेली होती. ५७५ जणांनीं मिळून ६५४ प्रती मागविल्या होत्या. ह्या प्रती प्रकाशक लिंटॉट ह्यानें कवीस विनामूल्य पुरवावयाच्या व वर प्रत्येक भागामागें रोख रक्कम द्यावयाची, असें ठरलें होतें. १७२० सालीं अखेरचा भाग निघेपर्यंत पोपला सुमारें पांच हजार पौंडांची प्राप्ति झाली. पोपनें प्रकाशकास दूर सारलें नाहीं, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. यादी तेवढी त्यानें आपल्या हातीं ठेविली, आणि म्हणूनच प्रकाशकाशीं तो बरोबरीच्या नात्यानें बोलूं शकला. सर्वांनाच स्विफ्ट लाभत नाहीं हें खरें. तथापि यादीचें बळ ह्या एका उदाहरणानें सिद्ध झालें.

परंतु यादी म्हणजे नुसती मिळकत नव्हे. तें एक ऋणही आहे. डॉ. जॉन्सननें १७५६ सालीं शेक्सपियरच्या नाटकांच्या नव्या आवृत्तीसाठीं वर्गण्या घेतल्या व पुढील वर्षाअखेर ग्रंथ देण्याचें वचन दिलें. तो निघाला १७६५ सालीं. मध्यंतरीं चर्चिल ह्या कवीनें, पैसे घेतले पण पुस्तक कोठें आहे, अशा अर्थाची टवाळी १७६२ सालीं छापून प्रसिद्ध केली. वर्गणीदारांचीं नांवें कां छापलीं नाहींत असें विचारल्यावर, नांवें हरवलीं आणि पैसे खर्च झाले, असें उत्तर जॉन्सननें दिल्याचें बॉस्वेल सांगतो. जॉन्सन कोशकार म्हणून कीर्तिशिखरावर होता म्हणून हा विनोद त्याला शोभला. सामान्य लेखकाची पत असल्या एका विनोदांत बुडाली असती.

इंग्रजी विद्येबरोबर छापखाना व वर्गणीची चाल हीं आपल्याकडेही रुजलीं. मराठी ग्रंथकारास त्या काळीं मोठा आधार म्हणजे सरकारी विद्याखातें आणि दक्षिणा प्राइझ कमिटी ह्यांचा. अशा वेळीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं व सरकारी शाळेंत शिक्षक असतांना, जानेवारी १८७४ पासून 'निबंधमाला' हें मासिक सुरू केलें. तिचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील बहुतेक मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीचा होता. एकच मोठा ग्रंथ लिहून ते स्वस्थ बसते, तर तो कदाचित् कपाटांत पडून राहता. परंतु मालेचा अंक पुनःपुन्हां वाचकाच्या दारीं जाई व लेखकाची ओळख ताजी करी. पुढें चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना व किताबखाना ह्यांच्या उभारणींतही त्यांनीं पुढाकार घेतला. लेखनापासून विक्रीपर्यंतची वाट आपल्या माणसांच्या हातीं असावी, हेंच त्यांत दिसतें. १८८२ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते वारले. पण तोंवर त्यांनीं आपला वाचकवर्ग घडविला होता. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० पासून 'करमणुकी'च्या द्वारें हीच युक्ति कादंबरीस लावली. 'पण लक्षांत कोण घेतो' ही प्रथम त्या पत्रांतून क्रमशः वाचकांच्या घरीं गेली. आणि डॉ. केतकरांनीं तर तेवीस भागांच्या ज्ञानकोशासाठीं मंडळी स्थापन केली, गांवोगांव हिंडून ग्राहक मिळविले, आणि त्या खटाटोपाचा इतिहासही 'माझें बारा वर्षांचें काम' ह्या नांवानें लिहून ठेविला. विद्वानानें आपला ग्रंथ घेऊन लोकांच्या दारीं जाण्यांत कमीपणा नाहीं, हा धडा त्यांनीं घालून दिला.

आतां पुन्हां वर्तमानाकडे येऊं. इंटरनेटवरील आवडीच्या लेखकांचें नवें लिखाण एकत्र वाचण्यासाठीं पुष्कळ लोक गूगल रीडर हें साधन वापरीत; तें जुलै २०१३ मध्यें बंद झालें, आणि त्याच्या भरंवशावर राहिलेल्या लेखकांची व वाचकांची गांठ सुटली. जानेवारी २०१८ मध्यें फेसबुकनें, आप्तमित्रांचा मजकूर पुढें व संस्थांच्या पानांवरील मजकूर मागें, असें नवें धोरण जाहीर केलें. ज्यांनीं वर्षानुवर्षें अशा पानांवर वाचक जमविले होते, त्यांना ते वाचक आपले नसून त्या घरमालकाचे होते हें तेव्हां कळलें. उलट ज्यांच्यापाशीं वाचकांचे ई-मेलचे पत्ते होते, त्यांचें पत्र पूर्वींप्रमाणेंच पोहोंचत राहिलें. २०१७ सालीं निघालेल्या सबस्टॅकसारख्या व्यवस्थेंतही लेखकास आपल्या वाचकांची यादी उचलून दुसरीकडे नेतां येते. ही पोपचीच यादी होय. कागद तेवढा बदलला.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच. मोठ्या दुकानांत पुस्तक अवश्य मांडावें, परंतु वाचकांचीं नांवें आपल्यापाशीं ठेवावीं. चिपळूणकरांप्रमाणें पुनःपुन्हां वाचकाच्या भेटीस जावें. आणि जॉन्सनप्रमाणें वचन देऊन तें विसरूं नये. ह्यांतील अर्धें काम मात्र वाचकाचें आहे. पोपच्या यादींतील ५७५ नांवें त्यानें कल्पनेनें लिहिलीं नव्हतीं. कोणी तरी पुढें येऊन गिनी मोजली होती. आमच्या वाचककुटुंबांस एखादा नवा मराठी लेखक आवडला, तर दुकान पुन्हां त्याचें नांव दाखवील ह्याची वाट न पाहतां, त्यांनीं आपला पत्ता त्यास कळवावा आणि पुढील पुस्तकाची मागणी आजच नोंदवावी.